अक्काची विचारपूस करणाऱ्या काकूंना

काकू,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. "त्यात काय एवढं" असंही म्हणालात, ते मात्र मी मानणार नाही. समोर येऊन आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. आमचा बोका गुंड्या पाणी किती प्यायला, ते विचारता, आणि माझे शब्द तसेच घशात राहतात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. चार लोकांनी ते वाचावं अशी इच्छा आहे. त्यातल्या दोघांनी तर जरूर वाचावं. ते दोघे कोण, हे त्यांचं त्यांना कळेल.

काल ठिपक्याची, आमच्या मांजराच्या पिल्लाची, शेवटची लस झाली. १६ आठवडे पुरे झाले त्याला. वजन १ किलो ७०० ग्रॅम. दवाखान्यातून परत येताना त्याला ने-आण करायचा कॅरियर मांडीवर होता आणि मला एकदम तो पहिला आठवडा आठवला. हात अजूनही गार पडतात हो आठवलं की.

दोन दिवस पावसात कुठून तरी एक बारीक आवाज येत होता. शेवटी तो एका गाडीच्या बॉनेटखाली सापडला. इंजिनाच्या सांदीत अडकलेलं, ऑइलने माखलेलं, पिसवांनी भरलेलं पिल्लू. डोळे अजून निळे. तराजूवर ठेवलं तर ४२० ग्रॅम. पाचेक आठवड्यांचा असेल, असा अंदाज नंतर निघाला. त्याला तिथून काढणं हे अवघड काम आहे, असं तेव्हा वाटलं होतं. खरं अवघड काम घरात बसलं होतं, नऊ वर्षांचं, खिडकीत, पाय दुमडून.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. आमची मांजर अक्का आमच्याकडे नऊ वर्षं आहे. घर तिचं, आम्ही पोटभाडेकरू. गुंड्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, नावापुरताच गुंड. दाराची बेल वाजली की कपाटावर. या दोघांचं सख्य होतं असं नाही, पण संसार नीट चालला होता. एक उशीवर, दुसरा पायाशी.

अशा घरात पिल्लू आणायचं कसं, हे विचारायला मी एका गृहस्थांना फोन केला. प्राणिप्रेमी म्हणून त्यांना बरेच लोक ओळखतात. त्यांच्या प्रत्येक फोटोत छातीशी एखादं पिल्लू असतंच. ते म्हणाले, "काही करायचं नाही. सरळ एकत्र सोडायचं. दोन दिवस भांडतील, तिसऱ्या दिवशी गळ्यात गळे." मला इतकं बरं वाटलं! काही करायचं नाही, हा सल्ला कुणाला आवडत नाही?

तर मी ठिपक्याला तळहातावर घेतलं, अक्काच्या नाकाजवळ नेलं आणि लाडात येऊन म्हटलं, "बघ, कोण आलंय!"

अक्काने आधी माझ्याकडे पाहिलं. मग ती फिस्कारली. इतकी वर्षं सोबत राहून तो आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. पुढचं सगळं चार सेकंदांत झालं. पंजा बसला, ठिपका माझ्या हातातून निसटून सोफ्याखाली गेला, आणि कपाटावरून हे सगळं पाहणारा गुंड्या फुगून दुप्पट झाला, खाली झेपावला आणि पडला तो अक्काच्या अंगावर. पिल्लाच्या नव्हे, अक्काच्या! चार वर्षांच्या ओळखीचं असं एका झटक्यात काय झालं, ते मला समजेना. तुम्ही नंतर एका वाक्यात समजावलंत: "वड्याचं तेल वांग्यावर. मांजरांतही असतं." राग किंवा भीती ज्याची वाटते तो हाताशी नसला, तर जो समोर असेल त्याच्यावर ती निघते. आमच्या घरात समोर अक्का होती.

त्या रात्रीपासून अक्का पलंगाखालच्या कोपऱ्यात. गुंड्या कपाटावर. ठिपका न्हाणीघरात, रडत. मी मधल्या खोलीत, तीही जवळजवळ तशीच.

गृहस्थांना पुन्हा फोन केला. "थोडं रक्त निघालं तरी मध्ये पडू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या," म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. पाठवलेले निरोप वाचल्याच्या खुणा मात्र व्यवस्थित दिसत होत्या.

मग एका डॉक्टरांकडे गेले. गुंड्या सारखा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-शूच्या पेटीत, जाऊन बसतोय, उठतोय, पुन्हा बसतोय, एकदा तर माझ्या गादीवर जाऊन बसला, हेही त्यांना सांगितलं. त्यांनी मोबाईलवरून नजर न काढता निदान केलं. गुंड्या नव्या पिल्लाचा राग काढतोय, आणि अक्का मत्सरी आहे. "म्हातारी मांजर आहे, आता बदलायची नाही. कुणाला देता आली तर बघा."

मी हो-नाही काहीच बोलले नाही, पैसे देऊन बाहेर आले. आणि आता पत्र उघडंच लिहितेय तर हेही उघड सांगते. घरी येऊन मी पलंगाखाली वाकून अक्काला म्हटलं, "किती दुष्ट आहेस गं तू." नऊ वर्षांत पहिल्यांदा. काकू, हे तुम्हालाही मी आजवर सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तुम्ही जिन्यात भेटलात. तीन वर्षं आपली ओळख फक्त मान हलवण्यापुरती होती. तुम्ही "मांजरांच्या काकू" एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही माझा चेहरा पाहून थांबलात. मी भडाभडा सगळं सांगितलं, पिल्लाचं, मारामारीचं, आणि जाता जाता गुंड्याचं. तुम्ही बाकी सगळं बाजूला सारलंत आणि विचारलंत, "लघवी झाली का त्याला?"

"थेंब थेंब होते वाटतं," मी म्हटलं.

"थेंब नको सांगूस. धार झाली का?"

धार मी सकाळपासून पाहिली नव्हती. तुम्ही हातातली पिशवी तिथेच पायरीवर ठेवलीत आणि म्हणालात, "कॅरियर काढ. आत्ता."

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे बोका असेल तर एवढं कृपया लक्षात ठेवा. बोका सारखा पेटीत जाऊन बसतो आणि काही होत नाही, याचा अर्थ तो रुसलाय असा नसतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती खड्यांनी, चिकट गाळाने किंवा सुजेने तुंबते. ताण हे त्यामागचं एक मोठं कारण, पाणी कमी पिणं हे दुसरं. पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. त्या रात्रीच्या दवाखान्यात गुंड्याला नळी घालावी लागली, दोन रात्री ठेवून घ्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होतात. तुम्हाला तो पाठ असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता कुणालाही वाटेल की हे पत्र गुंड्याचा जीव वाचला म्हणून आहे. त्यासाठी आहेच. पण मी ज्यासाठी लिहायला बसले, ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घडली, आणि ती इतकी छोटी आहे की सांगितल्यावर माझ्या नवऱ्याने "एवढंच?" असं विचारलं.

तुम्ही घरी आलात. तोवर जो जो आला होता तो दारातूनच म्हणत आला होता, "कुठंय पिल्लू? बघू बघू!" मग ठिपक्याचा फोटो, "अगं बाई, किती गोड", आणि मग अक्काकडे एक नापसंतीची नजर. तुम्ही आत आलात, कोपरापर्यंत हात धुतलेत आणि विचारलंत, "अक्का कुठे आहे?"

मी पलंगाकडे बोट दाखवलं. तुमचे गुडघे दुखतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भिंतीला एक हात लावून, दम घेत, तुम्ही जमिनीवर बसलात तेव्हा कळलं. पलंगाकडे तोंड करून नाही, पाठमोऱ्याही नाही; तिरक्या. हात पुढे केला नाहीत. "ये ये, माऊ माऊ" केलं नाहीत. पलंगाखाली दोन डोळे चमकत होते, त्यांच्याकडे तुम्ही एकदा पाहिलंत, आपले डोळे सावकाश किलकिले केलेत, मिटलेत, उघडलेत आणि नजर वळवलीत. मला वाटलं, दमल्या असतील. (पुढे वाचनात आलं की २०२० साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासून पाहिलं होतं. अनोळखी माणसाने असे सावकाश डोळे मिटले तर मांजर त्याच्या जवळ यायला जास्त राजी होतं. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "बरं झालं, त्यांनाही कळलं.")

बराच वेळ तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी दारात उभी. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. आणि मग, आपल्याच वयाच्या एखाद्या बाईशी बोलावं तशा आवाजात, तुम्ही पलंगाखाली म्हणालात, "तुला कुणी विचारलंच नाही, नाही का गं?"

अक्का बाहेर आली, तुमच्या मांडीवर बसली, असलं काही झालं नाही. तिचा एक कान तुमच्याकडे वळला. तेवढंच. पण मी दाराच्या चौकटीला धरून रडायला लागले.

खरंच विचारलं नव्हतं हो कुणी. पिल्लू वाचलं याचा आनंद सगळ्यांना, मलाही. घर जिचं, जिची रोजची खिडकी, रोजची उशी, रोजचा वास एका संध्याकाळी विस्कटून गेला, तिच्याकडून आम्ही फक्त कौतुकाची अपेक्षा करत होतो. आणि ती जेव्हा तिच्या भाषेत "जरा लांब" म्हणाली, तेव्हा आम्ही तिला दुष्ट ठरवलं. फिस्कारणं म्हणजे हल्ला नव्हे, हल्ला करायची वेळ येऊ नये म्हणून दिलेली सूचना असते, हेही तुमच्याकडूनच कळलं. ती सूचना मी ठिपक्याला तिच्या नाकाशी धरून पायदळी तुडवली होती.

तुम्ही मान न वळवता मला म्हणालात, "रडून झालं की एक जुना टॉवेल दे. बरं राहू दे, मी माझाच आणलाय."

तो टॉवेल! फिका पिवळा, कडा उसवलेला. पुढच्या दीड महिन्यात त्या टॉवेलाने जे केलं ते आमच्या घरातल्या दोन शिकलेल्या माणसांना जमलं नव्हतं. कृती लिहीत बसत नाही, ज्यांना हवी त्यांनी चांगल्या डॉक्टरांना विचारावी. पण मला जे आवडलं ते सांगते. तुम्ही तो ठिपक्याच्या गालांवरून फिरवलात आणि अक्काच्या जवळ नाही, तर तिच्यापासून चांगला लांब टाकलात. म्हणालात, "वास तिच्यावर लादायचा नाही. तिला वाटलं तर जाईल." तिला दोन दिवस वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली, नाक लावलं आणि तोंड अर्धवट उघडं टाकून वेड्यासारखी बघत उभी राहिली. मी घाबरले. तुम्ही हसलात. मांजराच्या तोंडात, टाळूपाशी, वास घ्यायचं एक जादा इंद्रिय असतं, ती ठिपक्याचा वास चाखून बघत होती. मी हातात धरून करून दिलेली ओळख चार सेकंदांत फिसकटली होती, हिने स्वतःची ओळख स्वतः, सावकाश, तोंड उघडून करून घेतली.

गुंड्या दवाखान्यातून आला त्या दिवशीही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, की अक्का आता यालाही ओळखणार नाही. मला पटलं नव्हतं. चार वर्षं एकत्र राहिलेली मांजरं! पण त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास होता, औषधांचा, परक्या हातांचा, आणि अक्का त्याच्यावर फिस्कारली, अगदी परक्यासारखी. पुन्हा वेगळी खोली, पुन्हा टॉवेल. मांजरांचं घर भिंतींचं नसतं, वासाचं असतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

रागावलातही तुम्ही. ठिपक्याला पहिल्याच दिवशी तपासणीशिवाय बाकीच्यांत आणलं, यावरून चांगलंच बोललात. त्याच्या अंगावरून काय काय घरात येऊ शकतं, याचा मी विचारच केला नव्हता. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो, मांजरांतल्या ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून पसरतो, आणि अक्काची लस माझ्या आळसाने राहून गेली होती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तुमच्या रागावण्यात आणि त्या गृहस्थांच्या गोड बोलण्यात फरक एवढाच होता, की तुम्ही रागावून झाल्यावर घरी गेला नाहीत. ठिपक्याच्या खोलीत जाऊन त्याच्या कानात औषध घालून आलात, कपडे बदललेत आणि मग अक्काला भेटायला गेलात. अक्काला भेटल्याशिवाय तुम्ही एकदाही परत गेला नाहीत, हे मी मोजून ठेवलंय.

लिटर बॉक्सवरून आमच्याकडे विनोद झाला तो आठवतो? "मांजरं तीन, तर पेट्या चार," असं तुम्ही जाहीर केलंत, आणि त्याही चार वेगवेगळ्या जागी, म्हणजे कुणी कुणाची वाट अडवणार नाही. नवरा म्हणाला, "आम्ही माणसं दोन आणि न्हाणीघर एक, त्याचं काय?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही तुंबला नाही ना अजून?" त्या पूर्ण महिन्यात आम्ही पहिल्यांदा हसलो.

बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या, मग जाळीचं दार, मग पाच मिनिटं समोरासमोर, कधी दोन पावलं पुढे तर कधी तीन मागे, हे सगळं भराभर सांगून टाकण्यासारखं आहे, कारण त्यात वाट पाहण्याशिवाय काही नव्हतं. एकदाच माझा धीर सुटला. दोघांची गाठ जाळीशिवाय घालून दिली होती. ठिपका उड्या मारत थेट अक्काच्या शेपटीवर गेला आणि तिने त्याला एक सणसणीत थप्पड दिली. मी तुम्हाला फोन केला, आवाज कापत होता. तुम्ही विचारलंत, "नखं बाहेर होती?" मी आठवून पाहिलं. नव्हती. ओरखडाही नव्हता. "मग ते भांडण नव्हे, वळण लावणं आहे. आईपासून फार लवकर सुटलाय तो, कुणीतरी शिकवायला हवंच ना." फोन ठेवून मी बघितलं तर ठिपका खरोखरच एका जागी बसला होता, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा.

काकू, मी तेव्हापासून एका गोष्टीचा विचार करते. घरात बाळ आलं की येणारा प्रत्येकजण पाळण्यापाशी जातो. त्यात चूक काही नाही, पाळण्यात जीव लहान असतो. पण एखादीच कुणीतरी असते जी पाळण्याकडे जायच्या आधी दाराआड उभ्या असलेल्या थोरल्याकडे वळते आणि त्याच्या हातातल्या खेळण्याची चौकशी करते. आमच्या नात्यात अशी एक आत्या होती. तिच्याबद्दल लहानपणी कुणी फार बोलायचं नाही, तिचे फोटोही फारसे नाहीत. मला वाटतं, अशा माणसांचे फोटो नसतातच, कारण ती नेहमी फोटोच्या चौकटीबाहेर राहिलेल्यांजवळ बसलेली असतात. तुम्ही आमच्याकडे निदान वीस वेळा आलात, रात्री-अपरात्रीसुद्धा, आणि ठिपक्याचा एकही फोटो काढला नाहीत. त्या गृहस्थांनी मात्र माझ्याकडून मागवलेला ठिपक्याचा फोटो पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर लावला होता. "आणखी एक जीव वाचवला." त्याला पुष्कळ लोकांनी शाबासकी दिली. देऊ देत बापडे.

आता घरची खबर. गुंड्याची धार उत्तम आहे. तुम्ही पहिल्यांदा तेच विचारणार म्हणून आधी लिहिलं. पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली आहेत. ठिपका त्याला आपला थोरला भाऊ समजतो आणि गुंड्याला ते पद मानवलेलं दिसतं, कारण हल्ली बेल वाजली तरी तो कपाटावर जात नाही. ठिपका बघतोय म्हणून खालीच थांबतो, भीतीने फुगून का होईना.

अक्काने ठिपक्याला स्वीकारलं असं मी म्हणणार नाही. तुम्हीच सांगितलंत ना, की सगळी मांजरं मैत्रिणी होत नाहीत, एका छताखाली निवांत राहिली तरी पुष्कळ. पण मागच्या आठवड्यात दुपारी मी पाहिलं. ठिपका झोपला होता. अक्का आली, त्याचं डोकं हुंगलं, दोनदा चाटलं, मग काय वाटलं कोण जाणे, एक हलकी टपली मारली आणि त्याच्याकडे पाठ करून तिथेच बसली. त्याला जाग आली नाही. मी जागची हलले नाही. तुम्हाला सांगायला खाली धावत यायचं होतं, पण मी हलले असते तर ती उठली असती.

आणि हो, तुमचा टॉवेल अजून आमच्याकडेच आहे. धुऊन परत द्यायचा म्हणून मी तो दोनदा उचलला, आणि दोन्ही वेळा तुमचं "वास जाईल, धुऊ नकोस" आठवून खाली ठेवला. आता त्याला तिघांच्याही अंगाचा वास येतो, म्हणजे माणसाच्या नाकाला फार चांगला येतो असं नाही. दिवसभर अक्का त्यावर बसलेली असते. तुम्हाला तो परत हवा असेल तर या, पण तिला विचारून घ्यावा लागेल.

तुमचीच,
वरच्या मजल्यावरची